वाद्यं लावणं कधी संपणार? मुक्त उत्स्फूर्त वादन ऐकायला शिकणाऱ्यांसाठी

पहिल्या मैफलीत मी पंचवीस मिनिटं नुसती वाट बघत बसले होते. डबल बासवाला तारांवर गज घासत होता, सॅक्सोफोनमधून सुराऐवजी हवाच येत होती आणि ड्रमवाला सिंबलवर थर्माकोलचा तुकडा फिरवत होता. पुण्यात सवाईला तंबोरे जुळत असतात, तबलजी हातोडीने ठाकठूक करत असतो, तेव्हा आपण थर्मासमधला चहा ओतून घेतो आणि शेजारच्यांशी बोलून घेतो. इथेही तसंच काहीतरी चाललंय अशी माझी समजूत. आता सूर लागतील, मग सुरू होईल. पंचविसाव्या मिनिटाला तिघंही थांबले, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मध्यंतर झालं. मी कोट उचलला आणि बस पकडून घरी गेले.

ही लंडनमधली गोष्ट. त्यानंतर तीन वर्षं मी अशा मैफलींच्या वाटेला गेले नाही. आता महिन्यातल्या दोन-तीन संध्याकाळी तरी तिथेच असते. मधल्या काळात मला कुणी शिकवलं नाही. चुकीच्या तबकड्या चुकीच्या क्रमाने ऐकत, चुकीच्या जागी टाळ्या वाजवत शिकले. शिकायला किंवा नोकरीला इकडे आलेली मराठी मुलं हल्ली विचारतात, 'ताई, ते नक्की काय असतं?' त्यांच्यासाठी हे एकदाचं लिहून काढते आहे. घरीच हेडफोन लावून ऐकणार असाल तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

१. आधी नावांचा गुंता सोडवा

जाहिरातीत फ्री जॅझ, फ्री इम्प्रोव्हायझेशन, प्रायोगिक जॅझ असे शब्द सरमिसळ छापलेले असतात. तीनही एकच समजून गेलात तर गोंधळ होतो.

फ्री जॅझ अमेरिकेतलं, कृष्णवर्णीय वादकांनी घडवलेलं. १९५९च्या नोव्हेंबरात सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये आपली चौकडी घेऊन आला. त्या चौकडीत पियानोच नव्हता. जॅझमध्ये पियानो स्वरसंगतींची चौकट आखून देतो आणि बाकीचे त्या चौकटीत फिरतात. ती चौकट आखणाराच नसल्यावर वादकाला कुठेही जाता येऊ लागलं. काही श्रोते भारावले, काही भडकले. १९६४च्या ऑक्टोबरमध्ये ट्रम्पेटवादक बिल डिक्सनने न्यूयॉर्कच्या एका कॅफेत चार दिवस अशा संगीताचा उत्सव केला आणि त्याला नाव दिलं 'ऑक्टोबर रेव्होल्यूशन'. १९६५ मध्ये शिकागोतल्या कृष्णवर्णीय वादकांनी एएसीएम ही स्वतःची संस्था काढली. नागरी हक्कांच्या लढ्याचा तो काळ, आणि तो या संगीतात ऐकू येतो. यातल्या कित्येकांना 'जॅझ' हा शब्दच आवडत नसे. शिकागोची आर्ट एन्सेम्बल आपल्या संगीताला 'ग्रेट ब्लॅक म्युझिक' म्हणायची. ब्लूज, चर्चमधली आर्त हाक, लय, ठेका हे सगळं फ्री जॅझमध्ये कुठे ना कुठे शिल्लक असतं.

मुक्त उत्स्फूर्त वादन, म्हणजेच फ्री इम्प्रोव्हायझेशन, त्याच सुमारास युरोपात वेगळं झालं. लंडनमध्ये १९६५ साली एएमएम हा गट जमला. १९६६ पासून ड्रमर जॉन स्टीव्हन्स आणि त्याची मंडळी लिटल थिएटर क्लबमध्ये रात्री वाजवू लागली. ॲमस्टरडॅममध्ये पियानोवादक मिशा मेंगेलबर्ग आणि ड्रमर हान बेनिंक होते, जर्मनीत सॅक्सोफोनवादक पीटर ब्रोट्झमान. इथे चाल नाही, ताल नाही, ठरलेला षड्ज नाही, आणि जॅझची बोलीही शक्यतो नाही. शेफील्डचा गिटारवादक डेरेक बेली म्हणायचा की हे कुठल्याच एका शैलीची भाषा न बोलणारं वादन आहे. तुम्ही 'यात जॅझ कुठाय?' म्हणून शोधत बसलात तर दोष तुमच्या कानाचा नाही, जाहिरातीचा.

प्रायोगिक जॅझ म्हणजे या दोन्हींवर धरलेली मोठी छत्री. थोडं लिहिलेलं, थोडं सोडलेलं. तिथे फार अडू नका.

२. काय काय लागेल

संगीताचं शिक्षण लागत नाही. लागतं ते एवढंच:

- कानात घालायचे प्लग. औषधाच्या दुकानात मिळतात. तीन सॅक्सोफोन आणि दोन ड्रमसेट लहानशा खोलीत एकदम सुटले की प्लग विसरल्याचा पश्चात्ताप दुसऱ्या दिवशीही होतो.
- कान पूर्ण झाकणारे हेडफोन. फोनच्या स्पीकरवर डबल बास जवळजवळ ऐकूच येत नाही, म्हणजे संभाषणातला एक माणूस गायब.
- आधी काढलेलं तिकीट. दारावर बहुतेक ठिकाणी जास्त पैसे पडतात. विद्यार्थी असाल तर ओळखपत्र जवळ ठेवा. एकाच जागी वारंवार जाणार असाल तर सभासदत्व लवकर वसूल होतं.
- पोटात अन्न. हे मी गंमत म्हणून लिहीत नाही. शांत वादनात, चाळीस माणसांच्या खोलीत पोटातली कावळ्यांची शाळा सगळ्यांना ऐकू जाते.
- छोटी वही. तिचं काय करायचं ते पुढे सांगते.

३. पहिली मैफल निवडा, आणि रेकॉर्डच्या आधी निवडा

माझी सगळ्यात मोठी चूक हीच होती. पहिला अनुभव फसल्यावर मी 'घरी अभ्यास करून मग जाऊ' असं ठरवलं. अभ्यास म्हणून रेकॉर्ड लावल्या आणि आणखी गोंधळले. या संगीताचा निम्मा अर्थ डोळ्यांनी कळतो. हा किंचाळणारा आवाज कुणाचा? गिटारचा की सॅक्सोफोनचा? समोर बसलात तर एका नजरेत कळतं. एएमएमचा कीथ रो गिटार टेबलावर आडवी ठेवून तिच्यावर वस्तू ठेवतो, घासतो. ते न बघता पहिल्यांदा ऐकणाऱ्याला 'गिटार' हा शब्दसुद्धा सुचणार नाही.

निवडताना दोन-चार वादकांचा कार्यक्रम पकडा. वाद्यं ओळखीची असू द्या: सॅक्सोफोन, बास, ड्रम, पियानो. पंधरा जणांचा ताफा किंवा नुसत्या यंत्रांसमोर बसलेला एकटा कलाकार दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी ठेवा. जागा जितकी लहान तितकं चांगलं.

लंडनमध्ये असाल तर पूर्वेकडच्या डाल्स्टनला जा. तिथे कॅफे ओटो आहे, २००८ साली सुरू झालेलं. दिवसा साधं कॅफे असतं, रात्री तिथेच खुर्च्या मांडून मैफल होते. उंच रंगमंच नाही, त्यामुळे वादकाचे पाय आणि तुमचे पाय एकाच फरशीवर. थोड्या अंतरावर व्हॉर्टेक्स हा क्लब आहे. ॲमस्टरडॅममध्ये १९७४ पासूनचं बिमहाउस आहे. न्यूयॉर्कमध्ये १९९६ पासून व्हिजन फेस्टिव्हल भरतो. जर्मनीतल्या म्यूर्स या लहान गावचा महोत्सव १९७२ पासून चालू आहे, पण तो चार दिवसांचा उपक्रम आहे. पोहायला शिकायला कुणी थेट समुद्रात जात नाही.

जाहिरात वाचण्याची एक युक्ती: गटाला नाव नसेल, नुसती तीन-चार नावं एकापुढे एक लिहिलेली असतील, तर ती माणसं कदाचित पहिल्यांदाच एकत्र वाजवणार आहेत. हे गैरसोयीतून होत नाही, मुद्दाम करतात. डेरेक बेलीने १९७७ ते १९९४ लंडनमध्ये 'कंपनी' नावाचे आठवडे भरवले, त्यात एकमेकांना फारसे न ओळखणारे वादक जमवून रोज वेगवेगळ्या जोड्या लावायचा. नव्या श्रोत्याला हे उलट सोयीचं पडतं. वादकच एकमेकांना चाचपत असतात, तुम्ही एकटे अनोळखी नसता.

बसायला अशी जागा धरा की वादकांचे हात दिसतील. आवाज कुठूनही ऐकू येतोच.

४. बसल्यावर काय ऐकायचं

तीन वर्षांनी एका सहकाऱ्याच्या आग्रहाने मी परत गेले, तेव्हा शेजारी एक वयस्क बाई विणकाम घेऊन बसल्या होत्या. मध्यंतरात त्यांनी विचारलं, कसं वाटतंय? मी खरं सांगितलं, काही कळत नाहीये. त्या म्हणाल्या, दुसऱ्या भागात बासवाल्याशिवाय कुणाकडे बघू नकोस. बाकीचे आपोआप ऐकू येतील. मला मिळालेला हा एकमेव धडा, आणि तो मी जसाच्या तसा तुम्हाला देते. दहा मिनिटं एकाच माणसाला धरा.

त्या रात्री मला काय दिसलं? बासवाला बराच वेळ काही वाजवतच नव्हता. गज हातात, डोळे ड्रमवर. मग सॅक्सोफोनने एक लांब फाटका सूर धरला आणि बासवाल्याने अगदी त्याच्या खालून, जवळजवळ ऐकू येणार नाही असा सूर सरकवला. सॅक्सोफोनवाल्याने ते ऐकलं, कारण त्याने आपला सूर बारीक केला. ड्रमवाला थांबला. पाच सेकंदांत तिघांनी एकेक निर्णय घेतला होता आणि प्रत्येक निर्णयाने पुढच्याची वाट बदलली होती. मी इतके दिवस चाल शोधत होते. इथे ऐकायचे ते हे निर्णय.

एकदा हे लक्षात आलं की मग काही ठरावीक गोष्टींवर कान ठेवता येतो.

कोण थांबतं ते बघा. अनुभवी वादक बराच वेळ गप्प बसू शकतो. नवखा गप्प बसायला घाबरतो.

उत्तर कसं येतं ते बघा. एकाने टिचकी मारली की दुसरा तशीच टिचकी मारू शकतो, नेमकं उलट, लांबलचक काहीतरी वाजवू शकतो किंवा साफ दुर्लक्ष करून आपलंच चालू ठेवू शकतो. तिसरा प्रकार मला आधी उद्धटपणा वाटायचा. खरं तर कित्येकदा त्यानेच वादन पुढे सरकतं. एकाने मूळ जागा सोडली नाही म्हणून दुसऱ्याला लांब जाता येतं.

वळण कुठे आलं ते टिपा. दाट आवाज एकदम विरळ होतो, हळू चाललेलं अचानक धावू लागतं. वही त्यासाठी. 'छान' किंवा 'कंटाळवाणं' असं लिहू नका. 'पियानोचं झाकण आपटलं, त्यानंतर सगळे हळू' असं लिहा. घटना लिहिल्या की मत आपोआप तयार होतं. आधी मत लिहिलं तर कान बंद होतो.

आणि शेवट. माझ्या मते अख्ख्या मैफलीतला सगळ्यात अवघड क्षण हाच. कुणी खूण करत नाही, तिहाई नाही, तरी तीन-चार माणसं एकाच क्षणी संपवतात. कधी कधी दोघांना वाटतं संपलं आणि तिसरा पुन्हा सुरू करतो. त्या वेळी खोलीत जो ताण येतो त्यासाठी मी तिकिटाचे पैसे आनंदाने देते. म्हणून वादकांचे हात वाद्यावरून खाली येईपर्यंत टाळी वाजवू नका. मी वाजवली आहे. एकटीने. अजून आठवलं की कान गरम होतात.

जॉन स्टीव्हन्स आपल्या वादकांना सांगायचा की दुसऱ्याचं वाजवणं तुला ऐकू येत नसेल तर तू फार जोरात वाजवतो आहेस. श्रोता म्हणून हे वाक्य मी मापासारखं वापरते. तो हौशी लोकांच्या कार्यशाळाही घ्यायचा. त्यातला एक खेळ घरी करून बघण्यासारखा आहे. चार जण बसा, प्रत्येकाने वाटी, चमचा, काहीही घ्या आणि जमेल तितका आखूड आवाज काढत राहा. नुसता टक्. ताल धरायचा नाही, दुसऱ्यांचं ऐकत राहायचं. थोड्या वेळाने त्या टक्-टकमधून कुणीही न ठरवलेली नक्षी उमटायला लागते. आमच्या घरी गणपतीत पाहुणे असताना आम्ही हे केलं. आरतीच्या झांजा हाताशीच होत्या, पण झांज आखूड वाजत नाही हे तेव्हाच कळलं.

५. आपल्या कानाचा फायदा आणि अडचण

आपल्याकडच्या मैफलीत वाढलेल्या माणसाला वाटतं, उपज म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मलाही वाटलं होतं. अडचण तिथेच आहे. आपला गवई राग, ताल आणि बंदिश यांच्या आत राहून उपज करतो, आणि श्रोत्यालाही ते घर ओळखीचं असतं. म्हणून समेवर आला की आपण मान डोलावतो. मुक्त वादनात सम नाहीच. माझा उजवा हात मात्र मांडीवर ताल धरायला जायचा आणि दर वेळी तोंडघशी पडायचा. शेवटी मी हात खिशात घालून बसायला लागले. डेरेक बेलीने १९८० साली उत्स्फूर्त वादनावर पुस्तक लिहिलं त्यात सुरुवातीलाच भारतीय संगीत घेतलं, सतारवादक विराम जसानी यांच्याशी बोलून. तो आपल्या परंपरेकडे आदराने बघतो, पण 'हे आणि ते एकच' असं कुठेही म्हणत नाही. आपणही म्हणू नये.

फायदा दुसरीकडे आहे. तंबोऱ्याची जवारी लागली का, तारेखालचा दोरा एक केसभर सरकवला की आवाज कसा खुलतो, हे कळणारा कान तुमच्याकडे आहे. सॅक्सोफोनमधून एकाच वेळी दोन-तीन सूर निघतात, सिंबलच्या कडेवर गज फिरवला की तिथून पातळ शीळ येते, त्या वेळी हाच कान कामाला येतो. इव्हन पार्कर सोप्रानो सॅक्सोफोनवर कित्येक मिनिटं श्वास न तोडता वाजवतो. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा आणि फुंक चालू ठेवायची. पाश्चात्त्य श्रोते थक्क होतात. आपण गारुड्याची पुंगी ऐकलेली असते, तंत्र तेच. पार्कर त्यातून एकाच वेळी दोन-तीन पदर विणतो, तो भाग मात्र थक्क होण्यासारखाच आहे.

दाद देण्याबद्दल: जॅझ क्लबात एकेका वादकाच्या वादनानंतर टाळ्या पडतात. मुक्त वादनात मधे टाळ्या नाहीत, 'क्या बात है' तर नाहीच. एकदा माझ्या तोंडून निघालं होतं. ड्रमवाल्याने वर बघितलं, हसला, पण तो क्षण मोडला तो मोडलाच.

६. रेकॉर्ड: या क्रमाने

क्रम माझा आहे, इतिहासाचा नाही. एका बैठकीत एकच.

पहिली, ऑर्नेट कोलमनची १९५९ची 'द शेप ऑफ जॅझ टू कम'. सगळी नको, पहिला तुकडा 'लोनली वूमन', पाच मिनिटांचा. खाली ड्रम आणि बास पळत असतात आणि वर सॅक्सोफोन आणि ट्रम्पेटसारखं कॉर्नेट संथ, विलाप केल्यासारखी चाल वाजवतात. वरच्यांना खालच्यांच्या घाईशी देणंघेणं नाही. आज हे ऐकताना प्रश्न पडतो की यावर भांडणं कसली झाली.

दुसरी, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची 'इंटरस्टेलर स्पेस'. फेब्रुवारी १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित केली, जुलैमध्ये तो गेला, तबकडी १९७४ साली आली. सॅक्सोफोन आणि रशीद अलीचा ड्रम, बस, दोघेच. दोघांचं बोलणं पाठोपाठ ऐकता येतं म्हणून ही लवकर ठेवली आहे. बहुतेक तुकडे घंटांच्या किणकिणाटाने सुरू होतात. तेवढीच तयारीची सवड.

तिसरी, सॅक्सोफोनवादक ॲल्बर्ट आयलरची 'स्पिरिच्युअल युनिटी', १९६४, जेमतेम अर्धा तास. 'घोस्ट्स' ही त्यातली चाल लहान मुलांच्या गाण्यासारखी सोपी आहे. ती दोनदा येते, सुरुवातीला आणि शेवटी. चाल वाजवून झाल्यावर आयलर ती कशी फाडतो आणि शेवटी कशी परत आणतो हे बोट ठेवून दाखवता येतं. सनी मरे ड्रमवर ठेका देतच नाही, नुसती लाट उठवत राहतो.

चौथी, कोलमनचीच 'फ्री जॅझ', डिसेंबर १९६०ची. दोन चौकड्या एकाच वेळी, सुमारे ३७ मिनिटं. इथे हेडफोन लागतातच, कारण एक चौकडी डाव्या कानात आहे, दुसरी उजव्या. डावीकडे कोलमन आणि डॉन चेरी, उजवीकडे एरिक डॉल्फी आणि फ्रेडी हबर्ड. आधी उजवा कान काढून ठेवा, मग डावा, मग दोन्ही. मला गर्दीत ऐकायला या एका तबकडीने शिकवलं.

यानंतर युरोपात या. जॉन स्टीव्हन्सच्या गटाची, स्पॉन्टेनियस म्युझिक एन्सेम्बलची, १९६८ची 'कारयोबिन' लावा. स्टीव्हन्स, पार्कर, बेली, केनी व्हीलर आणि डेव्ह हॉलंड असे पाच जण आहेत आणि कुणीही कुणावर चढत नाही. हलका, चिवचिवता आवाज. माझ्या मते मुक्त वादन म्हणजे काय हे सांगणारी यासारखी दुसरी तबकडी नाही.

डेरेक बेलीचं वादन अनेकांना कोरडं वाटतं, मलाही वाटलं. तिथे २००२ ची 'बॅलड्स' उपयोगी पडली. जुन्या जॅझ गाण्यांच्या चाली तो एकट्या गिटारवर वाजवायला घेतो आणि चाल हातातून सुटत जाते. ओळखीची जागा आधी मिळते, म्हणून सुटणं कळतं. म्हातारपणी मनगटाच्या आजाराने त्याला पिक, म्हणजे तार छेडायची पट्टी, धरता येईना. त्याने शस्त्रक्रिया करून घेतली नाही, अंगठ्याने वाजवायला शिकला, आणि ते शिकणं आठवड्या-आठवड्यांच्या अंतराने ध्वनिमुद्रित करून २००५ साली 'कार्पल टनल' म्हणून काढलं. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी तो गेला. ही मी फार क्वचित लावते.

ब्रोट्झमानची 'मशीन गन' शेवटी. मे १९६८, ब्रेमेन, आठ माणसं, त्यात तीन टेनर सॅक्सोफोन, दोन बास, दोन ड्रम. त्याने ती आधी स्वतःच ३०० प्रतींत काढली होती. लोक नवख्याला धक्का द्यायचा म्हणून हीच पहिल्यांदा ऐकवतात. कृपा करून तसं करू नका.

आणि एक आडवाट आपल्या माणसांसाठी. १९६७ साली जर्मनीत 'जॅझ मीट्स इंडिया' नावाची तबकडी निघाली. पियानोवर इरेन श्वाइत्सर, जी पुढे युरोपातल्या मुक्त वादनातली मोठी पियानोवादक झाली, ट्रम्पेटवर मानफ्रेड शूफ, सतारीवर दिवाण मोतीहार आणि तबल्यावर मुंबईचे केशव साठे. हेच साठे त्याआधी लंडनमध्ये सॅक्सोफोनवादक जो हॅरियट आणि कोलकात्याचा संगीतकार जॉन मेयर यांच्या 'इंडो-जॅझ स्वीट'मध्ये वाजले होते. हॅरियट मूळचा जमैकाचा. त्याने १९६० मध्येच लंडनमध्ये 'फ्री फॉर्म' ध्वनिमुद्रित करून आपल्यापुरती वेगळी वाट काढली होती. १९६९ मध्ये त्याने मुंबईत जन्मलेला गोवन गिटारवादक अमान्सिओ डिसिल्वा याच्याबरोबर 'हम दोनों' केली. ही पूर्ण मुक्त वादनं नाहीत. पण साठ्यांचा तबला श्वाइत्सरच्या पियानोशेजारी ऐकला की आपण अगदीच परके नाही एवढं कळतं.

७. सापळे

'यात सगळंच चालतं' असं समजू नका. वाईट रात्री असतात, पुष्कळ असतात. ओळखायच्या कशा? सगळे सतत जोरात वाजवत असतात. एकाने काही केलं की दुसरा पोपटासारखं तेच करतो. दर वेळी शेवट हळूहळू विरत जाऊनच होतो. असं दिसलं तर तुम्हाला कळत नाही असं नाही, वादन जमत नाहीये. मध्यंतरात निघून गेलात तरी कुणी वाईट मानत नाही. तुकडा चालू असताना मात्र उठू नका.

आधी समीक्षा वाचू नका. तबकडीच्या पाठीमागचा मजकूर दुसऱ्यांदा ऐकल्यावर वाचा.

स्वयंपाक करताना हे लावू नका. मी लावलं होतं. फोनवर पलीकडून आईने विचारलं, 'अगं, कुकरची शिट्टी बिघडली का?' सॅक्सोफोन होता. पण तिचं बरोबरच होतं, अर्ध्या लक्षाने ऐकलं तर हे बिघडलेल्या वस्तूसारखंच वाटतं.

ऑनलाइन ऐकताना क्रम उलटसुलट करण्याचं बटण बंद ठेवा. चाळीस मिनिटांच्या तुकड्यात विसाव्या मिनिटाला उडी मारणं म्हणजे कीर्तनात उत्तररंगाला येऊन बसण्यासारखं. आख्यान कळतं, पण कुठल्या अभंगावर ते उभं आहे ते राहून जातं.

आणि आवडल्याचं नाटक करू नका. मला आजही नुसत्या यंत्रांच्या कुरकुरीतलं बरंचसं आवडत नाही, आणि मी ते सांगते.

८. मैफल संपल्यावर

दाराजवळ टेबलावर वादकांच्या तबकड्या ठेवलेल्या असतात. जमलं तर तिथेच घ्या. हे बरेचसे लोक स्वतःच आपली लेबलं चालवतात. बेली आणि पार्कर यांनीही ड्रमर टोनी ऑक्स्लीबरोबर १९७० साली इंकस हे लेबल काढलं होतं.

वाजवून बघावंसं वाटलं तर तीही सोय असते. एएमएमच्या एडी प्रेव्होने १९९९ साली लंडनमध्ये आठवड्याची कार्यशाळा सुरू केली, कित्येक आजचे वादक तिथून आले आहेत. तुमच्या शहरात असं काही आहे का ते त्या टेबलावरच विचारा.

वादकाशी बोलायची लाज वाटत असेल तर 'हे सगळं आधी ठरवलं होतं का?' असं विचारू नका, ते रोज विचारलं जातं. एखाद्या वस्तूबद्दल विचारा. मागच्या महिन्यात एका ड्रमवाल्याने ड्रमवर काहीतरी गोल ठेवून त्यातून असा काही गुंजणारा आवाज काढला की मला ते तिबेटी भांडं वाटलं. जाऊन विचारलं. बिस्किटांच्या डब्याचं झाकण होतं. बिस्किटं काही बरी नव्हती, म्हणाला, पण दुसरा डबाही घेऊन ठेवलाय.